ल्यूबेकच्या सेंट मेरी चर्चचे ऑर्गन: विटा, वारा आणि कथील

उत्तर जर्मनीतील ल्यूबेक शहरात बाजारचौक आणि नगरसभागृह यांना अगदी खेटून सेंट मेरी चर्च उभे आहे. बिशपचे मुख्य चर्च शहराच्या दक्षिण टोकाला आहे. हे मधले चर्च नगरसभेचे आणि व्यापाऱ्यांचे होते. ल्यूबेकला १२२६ मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या थेट अखत्यारीतील स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला, आणि मीठ व खारवलेले हेरिंग मासे यांच्या व्यापारावर ते हान्सा या उत्तर युरोपातील व्यापारी शहरांच्या संघातील अग्रगण्य शहर बनले. त्या पैशातून तेराव्या शतकाच्या मध्यापासून १३५१ पर्यंत हे चर्च बांधले गेले. बिशपच्या चर्चपेक्षा आपले चर्च भव्य असावे, हा व्यापाऱ्यांचा आग्रह त्याच्या प्रत्येक मोजमापात दिसतो. पुढे याच चर्चमधील पाइप ऑर्गनने, म्हणजे नळ्यांत वारा सोडून वाजवल्या जाणाऱ्या वाद्याने, युरोपीय संगीताच्या इतिहासात मोठे स्थान मिळवले. माझ्या मते ही वास्तू आणि तिच्यातील ऑर्गन यांचा विचार वेगवेगळा करताच येत नाही. ऑर्गनच्या नळीत निर्माण झालेल्या स्वराला अंतिम रूप देण्याचे काम भिंती आणि छत करतात.

टोकदार कमानींची आणि उंच छतांची गॉथिक शैली फ्रान्समध्ये जन्मली ती चुनखडीच्या दगडात. ल्यूबेकच्या आसपासचा प्रदेश मात्र हिमयुगातील हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा आहे. तिथे बांधकामाजोगा दगड दुर्मीळ आणि चिकणमाती मुबलक, त्यामुळे तिथल्या गवंड्यांनी गॉथिक शैली भाजलेल्या विटांमध्ये उतरवली. विटेवर दगडासारखे बारीक कोरीवकाम होत नाही. म्हणून कमानींच्या आणि खांबांच्या कडांसाठी लागणारे आकार ओल्या मातीतच साच्याने घडवून मग भाजले जात. मधल्या दालनाचे कमानदार छत जमिनीपासून ३८.५ मीटर उंच आहे, आणि विटांचे याहून उंच कमानदार छत जगात दुसरे नाही. असे छत आपल्या वजनाने भिंतींना केवळ खाली दाबत नाही, तर बाहेरही ढकलते. हा बाहेरचा रेटा पेलण्यासाठी बाजूच्या दालनांच्या छपरांवरून तिरप्या आधारकमानी टाकल्या आहेत, आणि त्याही विटांच्याच आहेत. दोन मनोरे सुमारे १२५ मीटर उंच आहेत. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील सुमारे ७० चर्चसाठी ही वास्तू नमुना ठरली.

आता या छताखाली ध्वनीचे काय होते ते पाहू. जमिनीजवळ निघालेला ध्वनी छतावर आदळून परत येईपर्यंत सुमारे ७७ मीटर अंतर कापतो, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. इतक्या उशिराने परतणाऱ्या ध्वनीमुळे बोललेले शब्द एकमेकांत मिसळतात. शिवाय वीट, गिलावा आणि काच ध्वनी फारच थोडा शोषून घेतात. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले की, ध्वनी विरण्यास लागणारा काळ दालनाच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आतल्या एकूण शोषणक्षमतेबरोबर घटतो. प्रचंड घनफळ आणि कठीण पृष्ठभाग हे दोन्ही इथे एकत्र आले आहेत, त्यामुळे स्वर थांबल्यावरही तो काही सेकंद घुमत राहतो. उंच स्वर त्यातल्या त्यात लवकर विरतात, कारण हवा स्वतःच ते शोषते, आणि मंद्र स्वर मागे रेंगाळतात. प्रवचनकाराला ही वास्तू गैरसोयीची आहे. ऑर्गनला मात्र ती मानवते, कारण पट्टी दाबून ठेवली असेपर्यंत ऑर्गनचा स्वर त्याच जोराने चालू राहतो आणि एवढे मोठे दालन भरून टाकू शकतो.

ऑर्गनमधील बहुतेक नळ्या रचनेने साध्या असतात. भात्यातून आलेला वारा नळीच्या पायातून वर जातो, अरुंद फटीतून हवेच्या पातळ पट्ट्याच्या रूपात बाहेर पडतो आणि नळीच्या तोंडाच्या वरच्या ओठावर आदळतो. हवेचा तो पट्टा क्षणात नळीच्या आत आणि क्षणात बाहेर झुलू लागतो. नळीतील हवेच्या स्तंभाला आपल्या लांबीनुसार ठरलेली कंपनसंख्या असते, आणि तो स्तंभ या झुलण्याला आपल्या तालावर आणतो. बासरीत जे घडते तेच इथे घडते. फरक एवढाच की बोटांनी छिद्रे झाकून स्वर बदलण्याऐवजी इथे प्रत्येक स्वराला वेगळी नळी असते. नळी दुप्पट लांब केली की स्वर एक सप्तक खाली येतो. वरचे टोक बंद केले तर निम्म्या लांबीत तोच स्वर मिळतो, पण त्याचा पोत बदलतो, कारण बंद नळीत मूळ कंपनसंख्येच्या फक्त विषम पटी उमटतात. बारीक नळी तंतुवाद्यासारखा धारदार स्वर देते आणि रुंद नळी मऊ. एकाच पोताच्या नळ्यांच्या संपूर्ण रांगेला रजिस्टर म्हणतात, आणि कोणती रजिस्टरे एका वेळी उघडायची हे ठरवणे हा वादकाच्या कौशल्याचा मोठा भाग असतो. हे सारे चालवणाऱ्या वाऱ्याचा दाब आश्चर्य वाटावे इतका कमी असतो. तो ८० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा धरला, तरी वातावरणाच्या दाबाच्या १ टक्क्याहूनही कमी भरतो. महत्त्व दाबाच्या मोठेपणाला नसून त्याच्या स्थिरतेला असते. वीज येण्यापूर्वी ही स्थिरता भाते तुडवणाऱ्या माणसांच्या पायांवर अवलंबून होती.

सेंट मेरी चर्चच्या पश्चिम भिंतीवर मार्टिन फ्लोर या कारागिराने १५१६ ते १५१८ या काळात नवा मोठा ऑर्गन उभारला. त्यात ३२ रजिस्टरे होती, आणि त्यांपैकी एक ३२ फुटी होते, म्हणजे त्याची सर्वांत खालच्या स्वराची नळी सुमारे १० मीटर लांब होती. अशा नळीची कंपनसंख्या सेकंदाला १६ च्या आसपास येते. मानवी श्रवणाची खालची मर्यादा साधारण २० मानली जाते, म्हणजे तो मूळ स्वर कानाला जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याच्या वरच्या पटी ऐकू येतात आणि कंपने अंगाला जाणवतात. गॉथिक काळाच्या अखेरीस असा ऑर्गन बांधणे हे तंत्र आणि खर्च या दोन्ही दृष्टींनी धाडस होते. दुसरा, लहान ऑर्गन १४७५ ते १४७७ च्या सुमारास उत्तरेकडील प्रार्थनाकक्षात बसवला गेला. त्या कक्षात चित्रकार बेर्न्ट नोट्के याच्या नावाने ओळखले जाणारे ‘मृत्यूचे नृत्य’ हे भव्य चित्र होते, म्हणून त्या ऑर्गनलाही तेच नाव पडले. मृतांसाठी होणाऱ्या प्रार्थनांना त्याची साथ असे.

फ्रांझ टुंडर १६४१ मध्ये या चर्चचा ऑर्गनवादक झाला. त्याने चर्चमध्ये उपासनेव्यतिरिक्त वादन सुरू केले आणि त्यातून ‘सांजसंगीत’ हा उपक्रम वाढला. १६६८ मध्ये त्याच्या जागी आलेल्या डीट्रिश बुक्स्टेहुडने टुंडरच्या मुलीशी विवाह केला आणि पुढील जवळजवळ ४० वर्षे हे पद सांभाळले. त्याच्या काळात मोठ्या ऑर्गनला हातांसाठी पट्ट्यांच्या तीन रांगा, पायांसाठी एक आणि ५० हून अधिक रजिस्टरे होती. सांजसंगीत वर्षातून पाच रविवारी, नाताळच्या आधीच्या आठवड्यांत होई. प्रवेश विनामूल्य असे आणि खर्च व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून निघे. ऑर्गनच्या आसपासच्या सज्जांमध्ये सुमारे ४० गायक-वादक मावत.

हिवाळ्यातील या कार्यक्रमांना एक भौतिक अडचण होती. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो. तापमान २० अंशांवरून ५ अंशांवर आले तर तो सेकंदाला ३४३ वरून सुमारे ३३४ मीटरवर येतो, आणि नळीची लांबी तीच राहत असल्याने स्वर जवळजवळ पाव स्वराने उतरतो. साध्या नळ्या सगळ्या एकत्रच उतरतात, त्यामुळे त्या आपापसात बेसूर होत नाहीत. ज्या नळ्यांत स्वर धातूच्या कंप पावणाऱ्या पत्तीपासून निघतो, त्या मात्र जवळपास जागच्या जागी राहतात. परिणामी थंडीत दोन कुळांच्या नळ्यांचे सूर एकमेकांपासून फटकतात. वादकाला त्या पत्त्या पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात, आणि व्हायोलिनसारख्या वाद्यांना ऑर्गनच्या उतरलेल्या सुराशी जुळवून घ्यावे लागते.

बुक्स्टेहुडच्या ऑर्गनरचनांत वेगाने धावणारे स्वरसमूह अचानक थांबतात आणि मध्ये मोकळी जागा सोडली जाते. कागदावर हे विराम विक्षिप्त वाटतात. एवढ्या घुमणाऱ्या दालनात मात्र त्यांचे कारण मला स्वच्छ दिसते. विराम कोराच राहत नाही, आधीच्या स्वरांच्या घुमाऱ्याने तो भरून जातो. १७०३ मध्ये संगीतकार हँडेल बुक्स्टेहुडला भेटून गेला. १७०५ च्या शरद ऋतूत वीस वर्षांचा संगीतकार योहान सेबास्टियान बाख, तो जिथे ऑर्गनवादक होता त्या आर्नश्टाट गावाहून, ४०० किलोमीटरच्या आसपास अंतर पायी तुडवत ल्यूबेकला पोहोचला. त्याने चार आठवड्यांची रजा घेतली होती, पण तो जवळजवळ चार महिने परतला नाही आणि त्याबद्दल त्याला वरिष्ठांनी जाब विचारला. त्याच डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांना बुक्स्टेहुडने सम्राट लिओपोल्डच्या निधनाचा शोक आणि नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाचा आनंद व्यक्त करणारे दोन विशेष कार्यक्रम सादर केले होते.

एकोणिसाव्या शतकात आवड बदलली. १८५१ ते १८५४ या काळात योहान फ्रीडरिश शुल्त्से याने मोठ्या ऑर्गनच्या जागी ८० रजिस्टरांचा नवा ऑर्गन बसवला. बेनेडिक्ट ड्रायरने सोळाव्या शतकाच्या आरंभी कोरलेला लाकडी दर्शनी भाग तेवढा ठेवला गेला. त्यामुळे विसाव्या शतकात बुक्स्टेहुडच्या काळातील ध्वनीचा शोध सुरू झाला, तेव्हा या चर्चमध्ये अभ्यासायला ‘मृत्यूचे नृत्य’ ऑर्गनच काय तो उरला होता. त्यात पंधराव्या ते सतराव्या शतकांतील बऱ्याच नळ्या टिकून होत्या. १९३७ मध्ये त्याची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली.

२८ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकवर बॉम्ब टाकले. लाकडी छप्पर पेटले आणि आग आत उतरली. ऑर्गनच्या धातूच्या नळ्या कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूच्या असतात. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. दोन्ही मिसळले की द्रवणांक आणखी घसरतो, आणि विशिष्ट प्रमाणात तो १८३ अंशांपर्यंत खाली येतो. लाकूड आपोआप पेट घेण्यासाठी यापेक्षा बराच जास्त ताप लागतो. म्हणजे ज्वाळा पोहोचण्यापूर्वी नुसत्या तापलेल्या हवेनेही या नळ्या मऊ पडून वितळू शकतात. दोन्ही ऑर्गन पूर्णपणे नष्ट झाले. घंटांचे काशाचे मिश्रण कितीतरी उच्च तापमानाला वितळते, पण त्यांना धरणारी तुळयांची चौकट जळाल्यामुळे दक्षिण मनोऱ्यातील घंटा खाली कोसळल्या. त्यांपैकी मोठी ७ टनांहून जड होती. त्या फुटलेल्या घंटा पडल्या जागीच, रुतलेल्या अवस्थेत, स्मारक म्हणून जतन केल्या आहेत.

आगीने एक अनपेक्षित गोष्टही केली. भिंतींवरचा चुन्याचा जुना थर उष्णतेने गळून पडला आणि त्याखालची मध्ययुगीन चित्रे उघडी झाली. ती जतन करण्याचे काम डीट्रिश फाय याच्याकडे सोपवले गेले. त्याच्या हाताखालील चित्रकार लोथार माल्सकाट याने जिथे फारसे काही उरले नव्हते तिथे स्वतःच्या कल्पनेने संतांच्या आकृत्या रंगवल्या. १९५१ मध्ये चर्चच्या सातशेव्या वर्षानिमित्त निघालेल्या टपाल तिकिटांवरही ही भित्तिचित्रे झळकली. पुढच्याच वर्षी माल्सकाटने स्वतःहून कबुली दिली. खटला होऊन त्याला शिक्षा झाली आणि ती बनावट चित्रे नंतर काढून टाकण्यात आली.

या प्रकरणाकडे पाहताना मला ऑर्गनचीच आठवण होते, कारण तिथेही प्रश्न तोच आहे: जे नष्ट झाले ते पुन्हा निर्माण करता येते का? नळीची लांबी नोंदींवरून काढता येते. पण ओठाची नेमकी उंची, फटीची रुंदी, पत्र्याची जाडी, आणि तो ठोकून घडवला की नुसताच ओतला, या तपशिलांवर स्वराचा आरंभ आणि पोत ठरतो. हे तपशील बहुतांशी कागदावर उतरवलेले नसतात, ते नळीतच असतात. ल्यूबेकने नष्ट झालेल्या ऑर्गनच्या प्रतिकृती करण्याचा दावा केला नाही, आणि मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. १९६२ ते १९६८ या काळात केम्पर कारखान्याने पश्चिम भिंतीवर १०१ रजिस्टरांचा आणि ८,५१२ नळ्यांचा मोठा ऑर्गन उभारला. त्याची सर्वांत लांब नळी ११ मीटरची आहे. पट्टी आणि नळीखालील झडप यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या आणि तरफा यांची थेट जोडणी ठेवण्यात आली, आणि अशा यांत्रिक जोडणीचा तो त्या वेळी जगातील सर्वांत मोठा ऑर्गन होता. थेट जोडणीत झडप किती वेगाने उघडायची हे बोटाला ठरवता येते, आणि त्यामुळे स्वराच्या पहिल्या क्षणावर वादकाचा ताबा राहतो. विजेच्या जोडणीत हे साधत नाही. ‘मृत्यूचे नृत्य’ ऑर्गनच्या जागी १९८६ मध्ये आल्फ्रेड फ्यूरर यांच्या कारखान्याने ५६ रजिस्टरांचा नवा ऑर्गन बसवला.

जुन्या नळ्यांचा अभ्यास करायचा तर आज जवळच्याच सेंट जेकब चर्चमध्ये जावे लागते. ते चर्च १९४२ च्या बॉम्बफेकीतून वाचले, आणि तेथील लहान ऑर्गनमध्ये गॉथिक काळातील नळ्या व ऑर्गन-कारागीर फ्रीडरिश श्टेलवागेनने १६३६-३७ मध्ये घातलेल्या नळ्या टिकून आहेत. श्टेलवागेनने सेंट मेरी चर्चच्या दोन्ही ऑर्गनवरही काम केले होते, त्यामुळे या वाचलेल्या नळ्यांचे मोल फार मोठे आहे. या शतकाच्या आरंभी त्यांपैकी शिशाचे प्रमाण जास्त असलेल्या नळ्यांच्या पायांना पांढरी पूड धरलेली आणि भोके पडलेली आढळली. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या संशोधनप्रकल्पात त्याचे कारण शोधले गेले. ऑर्गनच्या लाकडातून, विशेषतः ओकमधून, असेटिक आम्लाची वाफ अतिशय मंद गतीने बाहेर पडते. दमट हवेत ती शिशाशी संयोग पावते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे शेवटी पांढरे शिसे-कार्बोनेट तयार होते. चित्रकारांसाठी पांढरा रंग बनवण्याची जुनी रीत याच अभिक्रियेवर चालत असे. मिश्रधातूत थोडे कथील असले तरी ही झीज बरीच रोखली जाते. ऑर्गनच्या पेटीत वायुवीजन वाढवणे आणि दुरुस्तीत नवे ओक लाकूड जपून वापरणे, हे त्यावरचे व्यवहार्य उपाय आहेत.