डीओ मीटर टक्क्यांत कॅलिब्रेट करायचा की मिलिग्रॅममध्ये?

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या डीओ मीटरच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून घेण्याच्या, मेनूत बहुधा दोन पर्याय असतात: टक्के (संपृक्त पाण्याच्या तुलनेत किती ऑक्सिजन आहे) आणि मिलिग्रॅम प्रति लिटर. अहवालात आकडा मिलिग्रॅममध्ये द्यायचा असतो, म्हणून पुष्कळजण बिनदिक्कत दुसरा पर्याय निवडतात. पण सेन्सरला मिलिग्रॅम कळतच नाहीत.

मेम्ब्रेनचा (पातळ पडद्याचा) जुना सेन्सर असो की प्रकाशावर चालणारा नवा, त्याला जाणवतो तो फक्त ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा. टक्के थेट त्या दाबावरून निघतात. मिलिग्रॅमचा आकडा मीटर त्यापुढे गणित करून काढतो, आणि त्या गणितात पाण्याचं तापमान आणि क्षारता धरतो. समुद्रसपाटीच्या दाबाला हवेने पूर्ण संपृक्त झालेल्या गोड्या पाण्यात १० अंश सेल्सिअसला ११.२९ मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना फक्त ७.५६. म्हणजे साडेसात मिग्रॅ हा आकडा गरम पाण्यात जवळपास भरलेलं पाणी दाखवतो आणि थंड पाण्यात दोन तृतीयांश. नुसता मिलिग्रॅमचा आकडा वाचून पाणी कसं आहे हे सांगणं म्हणूनच धोक्याचं.

क्षारतेचं उदाहरण अधिक बोलकं आहे. २५ अंशांवर हवेने संपृक्त झालेलं गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी, दोन्हींत सेन्सर १०० टक्केच दाखवेल, कारण आंशिक दाब एकच. पण गोड्या पाण्यात असतात ८.२६ मिग्रॅ, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. मीटरमध्ये क्षारता शून्यच राहिली तर टक्के अचूक आणि मिलिग्रॅम सुमारे दीडने जास्त. अशा वेळी बिचाऱ्या सेन्सरला दोष देऊन मेम्ब्रेन बदलणारे कमी नाहीत!

टक्क्यांचं कॅलिब्रेशन सोपं आहे, पण त्यात एक खोच आहे. कपाच्या तळाशी थोडं पाणी ठेवून सेन्सर वरच्या दमट हवेत ठेवायचा, मेम्ब्रेनवर थेंब राहू द्यायचा नाही आणि झाकण सैल ठेवायचं, नाहीतर आत दाब वाढतो. मग तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं. घाई नडते ती इथेच. हवा दमट का हवी? २५ अंशांवर कोरड्या हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे १५९ मिमी पारा असतो, बाष्पाने भरलेल्या हवेत १५४. कोरड्या हवेत कॅलिब्रेशन केलं तर इथेच तीन टक्के गेले.

दुसरी गफलत वातावरणाच्या दाबाची. ७०० मिमी दाबाच्या उंच जागी कॅलिब्रेशन झाल्यावर काही मीटर ९२.१ टक्के दाखवतात. हा बिघाड नाही, ७०० भागिले ७६० आहे. काही मीटर स्थानिक दाबालाच १०० मानतात, म्हणून आपला मीटर कुठल्या पंथाचा आहे ते आधी पाहावं. आणि हवामान खात्याचा दाब जसाच्या तसा टाकू नये. तो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो, मीटरला हवा असतो प्रत्यक्ष जागेचा.

तापमानाचा सेन्सरच चुकत असेल तर मात्र दोन्ही आकडे बिघडतात. तो भरवशाच्या थर्मामीटरशी पडताळून घ्यावा. शून्याची तपासणी ऑक्सिजन संपवून टाकणाऱ्या सोडियम सल्फाइटच्या द्रावणात होते. ती वेगळी गोष्ट, वरच्या टोकाची जागा ती घेत नाही.

मग मिलिग्रॅमचा पर्याय कशासाठी? पाण्याच्या त्याच नमुन्याचं विंकलर टायट्रेशन (रसायनांनी ऑक्सिजन मोजायची पद्धत) करून मिळालेला आकडा मीटरला शिकवायचा असेल तेव्हा. टायट्रेशन नेटकं असेल तर ही पद्धत उत्तमच, पण बाटली भरताना एखादा बुडबुडा अडकला तरी तीच चूक मीटरमध्ये जाते. म्हणून रोजच्या कामाला माझा कौल टक्क्यांना. त्यानंतर मिलिग्रॅमचं वेगळं कॅलिब्रेशन करायची गरज नसते, तो आकडा आपोआप जुळतो. दोन्ही एकामागून एक केलीत तर बहुतेक मीटरमध्ये नंतरचं आधीचं पुसून टाकतं.