गाईडला थांबता येतं का? थीम पार्कमधल्या सफारींची पार्श्वभूमी

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या नाशिककर आईवडिलांच्या कार्यक्रमात फ्लोरिडा बहुतेक वेळा असतंच. तिथल्या थीम पार्कची तिकिटं काढताना प्रश्न पडतो तो सफारीचा. डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये प्रवेशाच्या तिकिटातच ‘किलिमांजारो सफारीज’ ही प्राण्यांच्या कुरणातली ट्रकची फेरी मिळते. त्याच कुरणात वेगळे आणि चांगलेच जास्त पैसे भरून ‘वाइल्ड आफ्रिका ट्रेक’ करता येतो. टँपाच्या बुश गार्डन्समध्ये उघड्या ट्रकवर उभं राहून जिराफाला हाताने पाला भरवता येतो, त्याचेही पैसे वेगळे. प्राणी तर बरेचसे तेच! मग निवडायचं कशावरून? माझ्या मते कसोटी एकच: सोबतच्या गाईडला थांबण्याची आणि स्वतःचं बोलण्याची किती मोकळीक आहे. ही मोकळीक कमी-जास्त कशी झाली, ते या सफारींच्या इतिहासात दिसतं.

सुरुवात जर्मनीत झाली. हॅम्बुर्गचा प्राण्यांचा व्यापारी कार्ल हागेनबेक याने 1896 मध्ये पिंजऱ्याच्या लोखंडी गजांशिवाय प्राणी दाखवण्याच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि 1907 मध्ये श्टेलिंगन इथे तसं प्राणिसंग्रहालय उघडलं. पिंजऱ्याच्या जागी खोल चर, मागे खोटे डोंगर. समोर हरणं, पलीकडे सिंह आणि मधला चर प्रेक्षकाच्या नजरेला पडत नाही. याच हागेनबेकने दूरदेशीची माणसंही प्रदर्शनात मांडली होती, ही काळी बाजूही विसरता येत नाही. पण आज कुठल्याही थीम पार्कात सिंह आणि झेब्रा एकाच मैदानात असल्यासारखे दिसतात, त्यामागे हीच युक्ती आहे.

पुढचा टप्पा मोटारींचा. 1966 मध्ये इंग्लंडमधल्या लाँगलीट इथे, एका सरदार घराण्याच्या जमिनीवर, सर्कसवाले जिमी चिपरफील्ड यांच्या मदतीने सिंह मोकळे सोडले गेले आणि लोक आपापल्या गाडीच्या काचा लावून त्यांच्यातून जाऊ लागले. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात ‘लायन कंट्री सफारी’ सुरू झाली. इथे गाईड नव्हताच. गाडी तुमची, वेळ तुमचा, पण समोरचा सिंह असा का बसलाय हे सांगणारं कुणी नाही.

थीम पार्कवाल्यांना मात्र सांगणारा हवा होता. 1955 मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेला ‘जंगल क्रूझ’मध्ये खरे प्राणी ठेवायचे होते. दिवसा ते झोपतील किंवा दडून बसतील, असा सल्ला मिळाल्यावर यांत्रिक प्राणी बसवले गेले आणि नावेचा चालक ठरलेली वाक्यं म्हणू लागला. प्राणी ठरल्या वेळी पाण्यातून डोकं काढणार आणि गाईड ठरल्या जागी ठरलेलं बोलणार, ही पद्धत तिथे पक्की झाली.

बुश गार्डन्सचा रस्ता निराळा. 1959 मध्ये टँपात बिअरचा कारखाना उघडला. त्याच्याभोवतीची पक्ष्यांची बाग हे बुश गार्डन्सचं मूळ रूप, आणि ती बघायला पैसे लागत नसत. 1965 मध्ये तिथे ‘सेरेंगेटी प्लेन’ हे मोकळं कुरण तयार झालं. ट्रकवरची सफारी याच कुरणात होते. साधारण अर्ध्या तासात जिराफाची लांब जीभ हातातलं पान ओढून नेते. लहान मुलांसाठी याहून जवळचा अनुभव नाही, हे मी मनापासून सांगते. मात्र पाला हातात असला की सगळ्यांचं लक्ष फोटोकडे जातं आणि गाईडचं बोलणं मागे पडतं.

डिस्नेचं ॲनिमल किंगडम 22 एप्रिल 1998 ला, वसुंधरा दिनी, उघडलं. जिवंत प्राणी लोकांना पुरेसे रोमांचक वाटतील का, अशी शंका कंपनीच्या वरिष्ठांना होती. तेव्हा मुख्य रचनाकार जो रोडी यांनी थेट बैठकीतच वाघ आणला, ही हकिगत प्रसिद्ध आहे. किलिमांजारो सफारीचं कुरण सुमारे 110 एकरांचं. गोरखचिंचेची कित्येक झाडं आणि वारुळं बनावट आहेत, रस्त्यावरची चाकोरीही मुद्दाम पाडलेली. उद्घाटनाच्या आसपास चित्त्याच्या पिल्लांसह काही प्राणी दगावले आणि दोन तुरेवाले क्रौंच सफारीच्या गाड्यांखाली आले. सरकारी चौकशीत नियमभंग आढळला नाही, पण मोकळ्या दिसणाऱ्या कुरणात गाड्यांची ये-जा प्राण्यांना केवढी महाग पडू शकते, हे तेव्हाच कळलं.

सुरुवातीला या सफारीला एक गोष्ट जोडलेली होती: शिकारी हत्तीच्या पिल्लाच्या मागे लागलेत, आणि आपला ट्रक त्यांचा पाठलाग करतोय. चालकाला गाडी हाकायची, बिनतारी संदेशाला उत्तर द्यायचं आणि प्राण्यांची माहितीही सांगायची. शिकारीचा विषय गंभीर होता, पण ऐन रंगात आलेल्या पाठलागात डाव्या हाताचा ओकापी, म्हणजे जिराफाचा बुटका भाऊबंद, कोण बघणार? ही गोष्ट हळूहळू कमी होत गेली. 2012 मध्ये तिचा शेवटचा भाग काढून तिथे झेब्रे आणले. माझ्या दृष्टीने या सफारीच्या इतिहासातला हा सर्वांत चांगला निर्णय. चालकाला समोरच्या प्राण्याबद्दल बोलायला सवड मिळाली. तरीही फेरी वीसएक मिनिटांचीच आणि मागे ट्रकांची रांग, त्यामुळे फार थांबता येत नाही. प्राणी वाटेत आडवा आला तरच थांबायचं.

2011 मध्ये सुरू झालेला वाइल्ड आफ्रिका ट्रेक नेमकी ही सवड विकतो. जास्तीत जास्त बारा जणांचा गट, सुमारे तीन तास, थोडं चालणं, कमरेला पट्टा बांधून मगरींवरचा झुलता पूल ओलांडणं आणि मग खास गाडीतून कुरण. गाईड पाणघोड्याजवळ थांबतो, प्रश्न ऐकतो, उत्तर देतो. आजीआजोबांचे गुडघे दुखत असतील तर हा बेत नको. पण चालता येत असेल आणि खिशाला झेपत असेल, तर मी हाच सुचवेन. किलिमांजारोची फेरी मात्र सकाळी पार्क उघडताच करावी. फ्लोरिडाचं दुपारचं ऊन आपल्या एप्रिलसारखंच, प्राणी सावली धरतात.

आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सिंहांची सफारी 1970 च्या दशकापासून आहे, जाळीच्या बसमधून. नागपूरजवळ गोरेवाड्याची सफारी 26 जानेवारी 2021 ला खुली झाली. तिथे वाघ, बिबटे, अस्वलं आणि तृणभक्षी यांचे स्वतंत्र भाग आहेत. हे सगळं बंदिस्त. ताडोबाचं जंगल खुलं, तिथे गाईड सक्तीचा, पण एका वाघाभोवती जिप्सींची गर्दी झाली की त्याचाही नाइलाज होतो.

नाशिकला मात्र थांबू शकणारा गाईड जवळच आहे. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. 1986 मध्ये नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य झालं आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आसपासच्या गावांतली मुलंच इथे गाईड आहेत. दुर्बीण लावून ती तलवार बदक आणि थापट्या या दोन बदकांतला फरक दाखवतात, आणि मागे रांग नसल्याने पुन्हा दाखवतात. शाळांनी हिवाळ्यातली सहल ठरवताना बसभाड्यासोबत दहा-बारा मुलांमागे एक गाईड, तोही सकाळभरासाठी, एवढा खर्च आधीच धरावा.