पेटंट कायद्याचा आरंभ

नव्या शोधावर ठरावीक मुदतीपुरता मिळणारा एकाधिकार म्हणजे पेटंट. शासकीय मराठीत ‘एकस्व’. पेटंट हा शब्द लॅटिनमधल्या ‘लिटरे पाटेंतेस’, म्हणजे ‘खुली पत्रे’ या प्रयोगातून आला. लखोटा ज्याच्या नावे असेल त्यानेच फोडायचा. ही पत्रे मात्र न मिटता, खाली राजमुद्रा लोंबती ठेवून दिली जात, म्हणजे मोर्तब न मोडता ती कोणालाही वाचता येत. जमीन, पदवी, बाजार भरवण्याचा हक्क असे पुष्कळ काही अशा पत्राने मिळे. शोध हा त्यांतला एक किरकोळ विषय होता.

शोधासाठी दिलेल्या सर्वांत जुन्या हक्कांपैकी एक राजाने नव्हे, फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने दिला. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट बांधणाऱ्या फिलिप्पो ब्रुनेलेस्कीला १४२१ मध्ये आर्नो नदीतून माल वाहणाऱ्या नव्या धाटणीच्या नावेसाठी ३ वर्षांचा एकाधिकार मिळाला. दुसऱ्या कोणी तसली नाव आणली तर ती जाळावी, असेही ठरले. पुढे ब्रुनेलेस्कीचीच नाव संगमरवरासकट बुडाली.

सर्वांना लागू पडणारा नियम व्हेनिसने केला. १९ मार्च १४७४ च्या ठरावानुसार, त्या राज्यात पूर्वी न झालेले आणि प्रत्यक्ष चालेल असे यंत्र नोंदवणाऱ्याला १० वर्षे संरक्षण मिळे. नक्कल करणाऱ्याला १०० डुकाटांचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचा, दंड होई आणि त्याचे यंत्र मोडून टाकले जाई. सरकारने मात्र स्वतःला वापराची मुभा राखून ठेवली होती. पाडुआत शिकवणाऱ्या गॅलिलिओला १५९४ मध्ये व्हेनिसकडूनच पाणी उपसण्याच्या यंत्रासाठी २० वर्षांचा हक्क मिळाला; एका घोड्याच्या बळावर २० तोट्यांतून पाणी काढण्याचा त्याचा दावा होता.

इंग्लंडमध्ये प्रश्न निराळा होता. तिथे ‘हे कोणी शोधले?’ यापेक्षा ‘हे आपल्याकडे कोण आणील?’ याची राजाला काळजी. तिसऱ्या एडवर्डने १३३१ मध्ये जॉन केंप या फ्लेमिश विणकराला संरक्षणपत्र दिले, ते त्याने इंग्लंडमध्ये येऊन धंदा करावा आणि इतरांना शिकवावा म्हणून. एकाधिकार त्यात नव्हता. तो १४४९ मध्ये आला: ईटनच्या विद्यालयासाठी रंगीत काच बनवणाऱ्या जॉन ऑफ युटिनमला सहाव्या हेन्रीने २० वर्षांचा हक्क दिला. परदेशातली कला उचलून आणणारा इथे शोधक ठरे, आणि इंग्रजी न्यायालयांनी ही समजूत पुढे बराच काळ टिकवली.

पहिल्या एलिझाबेथच्या काळात ही सोय दरबारी मक्तेदारी बनली. पैसा नाही, पण मर्जीतल्या माणसांना काही तरी द्यायचे आहे, अशा वेळी हक्कपत्र फुकटात देता येई. त्याची किंमत गिऱ्हाईक मोजत असे. शिर्का, मनुका, पोलाद, खेळायचे पत्ते अशा जुन्याच वस्तूंवर मक्ते बसले. त्यांत शोध औषधालाही नव्हता. १६०१ मध्ये पार्लमेंटात मक्त्यांची यादी वाचली जात असताना विल्यम हेकविल या सभासदाने, यात पाव कसा नाही, असे विचारले. राणीने नमते घेतले. पुढच्याच वर्षी पत्त्यांच्या मक्त्याचा खटला गाजला: मक्तेदार राणीचा सेवक एडवर्ड डार्सी, प्रतिवादी लंडनचा व्यापारी टॉमस ॲलन. न्यायालयाने मक्ता रद्द ठरवला.

पेटंटचा कायदा शोधकांच्या कैवारातून जन्मला असे मानण्याचा मोह होतो. खरे तर १६२४ चा ‘स्टॅच्यूट ऑफ मोनोपॉलीज’, म्हणजे मक्तेदारीविषयीचा इंग्रजी कायदा, मक्ते मोडण्यासाठी होता आणि शोधकाला त्यात केवळ अपवाद म्हणून जागा मिळाली. सहाव्या कलमाने ‘खऱ्या व पहिल्या’ शोधकाला १४ वर्षे दिली. अट अशी की हक्कामुळे वस्तू महागू नयेत, व्यापाराला धक्का लागू नये. धंदा शिकणाऱ्याच्या उमेदवारीची मुदत तेव्हा सामान्यतः ७ वर्षे असे. १४ म्हणजे शागिर्दांच्या दोन पिढ्या तयार होण्याचा काळ, असा त्याचा अर्थ लावतात. मंडळे आणि कंपन्या मात्र कायद्यातून सुटल्या होत्या. त्या फटीतून पहिल्या चार्ल्सने १६३२ मध्ये साबणाचा मक्ता एका कंपनीला दिला. तिच्यात कॅथलिकांचा भरणा असल्याने प्रॉटेस्टंट इंग्लंडमधले लोक त्या मालाला ‘पोपचा साबण’ म्हणून हिणवत.

शोधाचे वर्णन लिहून देण्याची अट या कायद्यात नव्हती. ती अठराव्या शतकात रुळली. १७७८ च्या एका खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने सांगितले की वर्णन असे हवे, ज्यावरून त्या धंद्यातल्या दुसऱ्या माणसाला मुदत संपल्यावर ती वस्तू करता येईल. राजकृपेची जागा इथे सौद्याने घेतली: आधी गुपित उघड करा, मग हक्क घ्या.

चौदाचा आकडा दूरवर गेला. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यात कमाल मुदत तीच होती आणि भारतातल्या १८५६ च्या पहिल्या कायद्यातही तीच. त्याखाली कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंगने पहिला अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. ब्रिटिश राजसत्तेची संमती न घेताच हा कायदा केला गेला होता, म्हणून तो लगेच मागे घ्यावा लागला. १८५९ मध्ये नवा आला.