‘मूळ स्वरूप’ म्हणजे नेमकं काय? नागपुरातल्या जुन्या स्पोर्ट्स कारची पार्श्वभूमी

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करण्याचा छंद नागपुरात मूठभरांचाच. त्यांच्यात बसलं की बोलणं रंगापासून सुरू होतं आणि आरसी बुकावर येऊन अडतं. त्याला कारण जुन्या गाड्यांच्या नोंदणीचा केंद्राचा २०२१ चा नियम, आणि त्या नियमाची अडचण कळायला थोडं मागे जावं लागतं.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हाच्या बड्या मोटारींच्या आठवणी पुष्कळ निघतात. या छंदाचं खरं मूळ मात्र त्यानंतरच्या टंचाईत आहे. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की, इथे भाग बनवण्याची तयारी नसलेल्या मोटार कंपन्यांनी बाहेरून आणलेल्या भागांची नुसती जुळणी करू नये. पुढे परकीय चलनाची चणचण आली आणि बाहेरची गाडी मिळणं जवळपास बंद झालं. जी एखादी एमजी किंवा ट्रायम्फ, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आधीच देशात आली होती, तिला सुटे भागही मिळेनात.

मग मिस्त्रींनी वाट काढली, आणि ती वाट आंधळी नव्हती. एमजीची १९५५ ची एमजीए १४८९ सीसीची. आपल्या अँबेसिडरचं पेट्रोल इंजिनही १४८९ सीसीचं आणि त्याच ब्रिटिश घराण्यातलं. कॅमशाफ्ट वेगळा, कार्ब्युरेटर दोनाऐवजी एक, पण रक्त एकच. ट्रायम्फ स्पिटफायरची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, त्याच कंपनीच्या हेराल्ड या साध्या मोटारीवरून घडलेली, आणि हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती. म्हणजे भंगारातली हेराल्ड हीच स्पिटफायरवाल्याची तिजोरी.

आता २०२१ चा नियम. पन्नास वर्षांहून जुनी, ‘मूळ स्वरूपात’ राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार धरून ‘मोठी दुरुस्ती’ न झालेली गाडी म्हणजे व्हिंटेज. नोंदणीचे २० हजार, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाचे ५ हजार आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभालीपुरती. रोजच्या वापराला नाही. जुना नंबर असलेल्याला तो ठेवता येतो, ही त्यातली चांगली बाजू.

घोळ ‘मोठी दुरुस्ती’ या दोन शब्दांत आहे. साठ वर्षं चाललेल्या गाडीचं इंजिन एकदाही उघडलं नाही, असं होऊच शकत नाही. झिजलेल्या सिलिंडरचं बोअरिंग केलं, पिस्टन मोठ्या मापाचे टाकले, गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, तर ती राखण झाली की फेरफार? एमजीएची पायाखालची फळी मुळातच प्लायवूडची. ती कुजली की लकडगंजच्या लाकूडबाजारातून नवी आणून कापून बसवायची. यात मूळपणा कुठे जातो? आणि टंचाईच्या काळात अँबेसिडरचं इंजिन घालून जिचा जीव वाचवला, तिचं काय? माझ्या मते ती तडजोडही त्या गाडीचा इतिहासच आहे. गाडी बदलून टाकणं आणि गाडी टिकवणं यांतला फरक नियमाने स्पष्ट शब्दांत मांडायला हवा होता. नियम करणारं खातं तेव्हा नागपूरच्याच मंत्र्यांकडे होतं, त्यामुळे इथल्यांची अपेक्षा जास्त होती.

त्यात भर पडली २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. महिनोन्महिने उभ्या गाडीत इथेनॉल पाणी ओढतं, टाकी आतून गंजते आणि जुन्या रबरी नळ्या भुसभुशीत होतात. आमच्याकडे हवा कोरडी, म्हणून गंजाची चिंता एरवी मुंबईइतकी नाही. पावसाळ्यात मात्र टाकी जपावी लागते. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत वेगळीच कथा. पेट्रोल नळीतच उकळतं, गाडी सिग्नलला बंद पडते. कार्ब्युरेटरच्या वाटीवर आणि नळीवर ओला पंचा टाकून दहा मिनिटं थांबायचं, मग सुरू होते. हा उपाय अँबेसिडरच्या टॅक्सीवाल्यांकडूनच आला.

धरमपेठेतल्या एका गॅरेजात मी बाकाखाली तेलकट गोणपाटात गुंडाळलेला इंजिनाचा ब्लॉक पाहिला. कडेला तडा गेलेला, निकामी. मालक तो विकत नाहीत, कारण आरसी बुकात इंजिन नंबर त्याचाच आहे.