पिकअपचे ‘के’: एका आकड्याची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि तारेच्या वेढ्यांचा (कॉइलचा) भाग, बदलायचा म्हटला की सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “किती के चा आहे?” के म्हणजे किलोओहम, कॉइलचा डीसी रेझिस्टन्स, म्हणजे मल्टिमीटरवर दिसणारा तारेचा विरोध. ८ म्हटलं तर साधा, १४ म्हटलं तर ‘हॉट’, म्हणजे जास्त दमदार. हा आकडा आउटपुटचं माप होऊन बसला तो पिकअपच्या शोधामुळे नव्हे, सुट्या पिकअपच्या बाजारामुळे.

गुणगुण घालवण्यासाठी दोन कॉइल जोडलेल्या पिकअपच्या, म्हणजे हमबकरच्या, पेटंटसाठी अमेरिकेत १९५५ मध्ये अर्ज झाला, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपांच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असा स्टिकर असे. पुढे त्या जागी नंबर आला, तोही भलत्याच भागाच्या पेटंटचा! तेव्हा वेढे काटेकोर मोजले जात नसत, म्हणून एकाच मॉडेलचा एक पिकअप ७.५ के निघतो, दुसरा ८.५. या जुन्या मालाच्या आवाजाचं गुपित शोधायला लोकांनी मल्टिमीटर लावला आणि हाती सोपा आकडा आला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मूळ पिकअप काढून त्या जागी बसवायचे दमदार पिकअप सुटे विकायला आले. आवाज कागदावर दाखवता येत नाही, के दाखवता येतो. कॅटलॉगांनी तोच छापला.

घोळ तारेच्या जाडीत आहे. अमेरिकन गेजमध्ये (तारेच्या जाडीच्या नंबरात) ४२ ची तार ०.०६३ मिमी, ४३ गेजची ०.०५६ मिमी. वेढे तेवढेच ठेवून नुसती ४३ ची तार घेतली तर रेझिस्टन्स सुमारे सव्वापट होतो, आउटपुट मात्र जवळपास आहे तिथेच. आउटपुट ठरतं वेढ्यांवर आणि चुंबकावर. त्यामुळे दोन वेगळ्या तारांच्या पिकअपांची के वरून तुलना करण्यात अर्थ नाही. इंडक्टन्स (वेढ्यांवर आणि गाभ्यावर ठरणारा कॉइलचा दुसरा गुण) छापला असता तर निदान थोडं तरी कळलं असतं.

त्यात आपला उन्हाळा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ८ के असलेला पिकअप मे महिन्यातल्या दुपारी ४३ अंशांना ८.७ दाखवतो. गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीच्या थंडीत मोजलेला आणि उन्हाळ्यात मोजलेला एकच पिकअप दोन वेगळे वाटतात ते यामुळे.

दुसरा घोळ खास आपल्याकडचा. यंत्रमागांच्या मोटारी भरणाऱ्या दुकानांत तार ब्रिटिश एसडब्ल्यूजी गेजने मागतात. जळालेली कॉइल पुन्हा भरायला कोणी नेटवर वाचून “४२ ची द्या” म्हणतो आणि हातात ०.१० मिमीची तार येते. सिंगल कॉइलच्या (एकाच कॉइलच्या पिकअपच्या) ज्या बॉबिनवर, म्हणजे वेढे घ्यायच्या रिळावर, ८,००० वेढे बसायला हवेत, तिथे तीन हजारांतच बॉबिन भरतो आणि मीटर जेमतेम १ के दाखवतो. दुकानात मागायची ती ४६ नंबर, ०.०६१ मिमी. केसाहून बारीक असते; मोटारीच्या वाइंडिंग मशीनचा ताण तिला सोसत नाही, पट्कन तुटते.

पिकअपच्या जागेचा इतिहास त्यामानाने सरळ. ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर गिटारच्या तारा टेकतात त्या पट्टीजवळ, तारेचं कंपन कमी, म्हणून तिथल्या पिकअपला वेढे जास्त देण्याची रीत पडली. ब्रिजवर तारा जास्त फाकलेल्या असतात, म्हणून पोल स्पेसिंगही (प्रत्येक तारेखालच्या पोलच्या, म्हणजे धातूच्या खुंट्यांच्या, ओळीची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) दोन झाली: साधारण ४९ मिमी आणि ५३ मिमी. २४ फ्रेटच्या गिटारी आल्या तसा नेकचा (दांड्याजवळचा) पिकअप ब्रिजकडे सरकला आणि त्याचा गोल आवाज पातळ झाला. पिकअप बदलून तो परत येत नाही. पिकअपची उंची शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजायची, तार आणि पोल यांत २ ते ३ मिमी. सिंगल कॉइल याहून वर घेतला तर चुंबक तार ओढतो आणि जाड तारांवर सूर डगमगतो.

चार वायरींचे हमबकर रूढ झाले, पण रंग कंपन्यांनी आपापले ठेवले. एकीकडे काळी हॉट (इथे हॉट म्हणजे सिग्नलची वायर), तांबडी आणि पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंडला. दुसरीकडे तांबडी हॉट, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी पुन्हा ग्राउंडलाच. एकीचा नकाशा दुसरीच्या पिकअपला लावला की एक कॉइल उलटी जोडली जाते: आवाज चिरका, पातळ, आणि जी गुणगुण घालवायला दोन कॉइल केल्या ती दुप्पट. मीटर मात्र पूर्ण के दाखवतो, म्हणून दोष सापडत नाही. व्हॉल्यूमला हमबकरसाठी ५०० के, सिंगल कॉइलसाठी २५० के चा पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबखालचा बदलता रेझिस्टर). पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावताना २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ड्राय सोल्डर (कच्चा जोड) होतो; ४० ते ६० वॅटचा घ्यावा.

के चा खरा उपयोग जोडणी झाल्यावर. जॅकमध्ये केबल घालून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, पिनच्या टोकाला आणि बाहेरच्या भागाला मीटर लावायचा. ८ के च्या पिकअपवर ७.९ च्या आसपास यायला हवं, कारण पॉट समांतर जोडलेला असतो. थेट ५०० के दिसले तर पिकअप अतिहॉट निघाला म्हणून खूश होऊ नये. कुठेतरी तार तुटली आहे आणि मीटर नुसता पॉट मोजतो आहे.