टाळीच्या पुशअपचं गणित

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, पहाटे मैदानावर भरतीची पोरं दिसतातच. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.26 किलोचा गोळा. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. धावण्याचा सराव सगळेच जीव तोडून करतात. गोळ्यासाठी मात्र बहुतेकांचा उपाय ठरलेला: जोर मारा, रोज मारा, शंभराच्या वर मारा. इतका घाम गाळूनही गोळा जिथे पडायचा तिथेच पडतो. मेहनतीचा प्रकार चुकतोय, हे या पोरांना वेळेवर कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोळा हातातून सुटण्याआधीची शेवटची ढकल सेकंदाच्या एका छोट्या अंशात आटोपते. स्नायूला आपली पूर्ण ताकद उभी करायला मात्र साधारण 0.3 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पूर्ण ताकद वापरायची संधी मिळतच नाही. पहिल्या काही क्षणांत किती बल उभं राहतं, यावर फेक ठरते. पाय आणि कंबर यांचा वाटा मोठा आहेच, पण हाताचा हा शेवटचा झटका कमी पडला तर खालून आलेला वेग वाया जातो.

हा झटका शंभर जोरांनी का येत नाही? एकेक चेतापेशी स्नायुतंतूंचा एकेक गट चालवते. छोटे, उशिरा थकणारे गट आधी कामाला लागतात. मोठे, वेगवान आणि लवकर थकणारे गट सगळ्यात शेवटी. चेतासंस्थेचे अभ्यासक एल्वुड हेनेमन यांनी हा क्रम 1957 मध्ये मांडला. सावकाश शंभर जोर मारताना सुरुवातीचं बरंचसं काम छोट्या गटांवरच निभावतं. मोठे गट येतात ते दम निघाल्यावर, म्हणजे हात जेमतेम वर येत असतात तेव्हा. त्यातून चिकाटी वाढते, पण वेग वाढत नाही. तेच हात ताजे असताना जमीन सगळ्या जोरानिशी झटक्यात ढकलली, तर मेंदू मोठे गट पहिल्याच क्षणी कामाला लावतो. टाळीचे पुशअप, म्हणजे अंग वर उडवून हवेतच टाळी वाजवायची, ते करायचे ते यासाठी. रील्समुळे त्यांची हौस वाढली आहे, आणि हौसेला माझा विरोध नाही. आजची टाळी आणि उद्या पाठीमागे टाळी, ही घाई मात्र मनगटं आणि खांदे बिघडवते.

त्यामागचं गणित शाळेतलंच आहे. हात जमिनीपासून 0.3 सेकंद सुटे राहावेत असं वाटत असेल, तर अंग सुमारे 11 सेंटिमीटर वर उडायला हवं. एवढ्यात छातीखाली एक टाळी बसते. आता हवेतला वेळ दुप्पट, म्हणजे 0.6 सेकंद हवा असेल तर उंची किती लागेल? 22 नाही, 44 सेंटिमीटर. वेळ दुप्पट झाला की उंची चौपट होते, आणि तेवढी ऊर्जाही चौपट लागते. पाय टेकलेले असल्यामुळे अंग बोटांवर फिरतं, त्यामुळे खरे आकडे थोडे बदलतात; प्रमाण तेच राहतं. एका टाळीवरून दोन टाळ्यांवर जाणं वाटतं त्याहून कितीतरी महाग पडतं ते यामुळे.

खाली येण्याचा हिशेब तर आणखी महत्त्वाचा. साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर असतो. साठ किलोचा मुलगा धरला तर हातांवर 40 किलो, एकेका हातावर 20. तो 11 सेंटिमीटरवरून खाली आला आणि कोपरं वाकवत आणखी 11 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हातांवरचं सरासरी बल नेहमीच्या दुप्पट होतं. तोच कोपरं ताठ ठेवून उतरला आणि 2 सेंटिमीटरमध्येच थांबला, तर साडेसहा पट. म्हणजे एकेका मनगटावर 130 किलोच्या आसपास. माणूस तोच, उंची तीच. फरक फक्त कोपरं वाकण्याचा. म्हणून मी उडण्याआधी उतरायला शिकवावं या मताचा आहे, आणि या बाबतीत तडजोड करू नये असं मला ठामपणे वाटतं.

सुरुवात घरासमोरच्या ओट्यापासून करावी. साधे वीस-पंचवीस पुशअप कंबर न लोंबू देता, कोपरं अंगापासून अर्धवट लांब ठेवून नीट निघत असतील, तरच पुढे जावं. ओटा कमरेच्या जवळपास उंच असेल तर उत्तम. दोन पावलं मागे उभं राहून अंग ताठ ठेवत पुढे झुकायचं, तळवे ओट्यावर टेकताच कोपरं वाकवत भार झेलायचा. आवाज ऐका. धप्प झाला की झेलणं जमलं नाही. आवाज जवळजवळ येईनासा झाला की त्याच ओट्यावरून हात सुटतील इतकं जोरात ढकलायचं. हात 60 सेंटिमीटर उंचावर असले तरी त्यांच्यावर शरीराच्या वजनाचा साधारण 40 टक्केच भार येतो. भार हलका असल्यामुळे हालचाल वेगवान होते, आणि आपल्याला तोच वेग हवा आहे. स्नायूंचे अभ्यासक ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये दाखवलं होतं की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितकं त्याचं बल कमी होतं. सर्वाधिक शक्ती मिळते ती मधल्या वेगाला. त्यामुळे हलक्या भारावरचा सराव पोरकट समजू नये.

मग कमी उंचीची पायरी, मग जमीन. जमिनीवर आधी फक्त तळवे सुटू द्यायचे, टाळी नको. धुळीच्या मैदानावर सराव करत असाल तर इथे एक तपासणी आपोआप होते. उतरल्यावर धुळीतले ठसे बघा. दोन्ही तळव्यांचे ठसे एका रेषेत, सारखेच दाबलेले दिसले तर दोन्ही खांदे बरोबरीने काम करताहेत. एक ठसा पुढे सरकलेला किंवा घसटलेला असेल, तर एक हात आधी टेकतोय आणि जास्त मार खातोय. तो फरक जाईपर्यंत टाळी थांबवलेली बरी.

टाळीनंतर छातीला हात लावणं, मग मांड्यांना, मग पाठीमागे टाळी. पाठीमागच्या टाळीत हात परत पुढे आणायला वेळ लागतो, चुकलं तर तोंड जमिनीवर आपटतं. म्हणून पहिल्यांदा कुस्तीच्या आखाड्यातली भुसभुशीत माती किंवा गादी हवी. हात-पाय दोन्ही हवेत सोडायचे प्रकार त्याही नंतर. त्यात पोट आणि कंबरेचा झटका लागतो, आणि उतरताना सगळा भार एकदम येतो.

प्रत्येक पायरीवर काही आठवडे काढावेत. ताकद सुरुवातीला वाढते ती मुख्यतः मेंदू आणि चेतातंतू सुधारल्यामुळे, म्हणून दोन-तीन आठवड्यांतच हात हलके वाटू लागतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना मात्र रक्तपुरवठा कमी, त्यांना घट्ट व्हायला महिने लागतात. पोरं नेमकी याच मधल्या काळात पुढच्या पायरीवर उडी मारतात आणि मनगट धरून बसतात.

एका वेळी तीन ते पाच पुशअप, मग दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. झटक्याचं इंधन, म्हणजे स्नायूतलं क्रिएटिन फॉस्फेट, काही सेकंदांत संपतं आणि भरून यायला काही मिनिटं घेतं. उंची कमी झाली की त्या दिवसाचं काम संपलं. आठवड्यातून दोनदा पुरे, आणि लांब धावण्याच्या आधी, नंतर नाही. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो. गार स्नायू आळसावलेला असतो, तेव्हा अंग गरम करायला जास्त वेळ द्या. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे 45 अंश गाठले जातात, तेव्हा ऊन चढायच्या आत आटपा. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात हे पुशअप अगदी मोजके ठेवा, आणि शेवटचे दोन-तीन दिवस ते पूर्ण बंद करून फक्त गोळ्याचा हलका सराव करा.