मृताच्या डोळ्यांत खुन्याचं चित्र उरतं का?

‘खून झालेल्याच्या डोळ्यांत खुन्याची छबी राहते’, हा समज फार जुना आहे. नागाच्या डोळ्यांत मारणारा दिसतो, ही गोष्ट त्याचंच भावंड. लंडनमधल्या १८८८च्या, आजवर न उलगडलेल्या व्हाइटचॅपल खुनांच्या वेळीही ही कल्पना पुढे आली होती.

समज अगदीच हवेतून आला नाही. डोळ्याच्या पडद्यातलं जांभळट द्रव्य उजेडात फिकं पडतं. त्या खुनांच्या दहाएक वर्षं आधी जर्मनीत हायडेलबर्गला सशाला अंधारात ठेवलं, मग काही मिनिटं खिडकीसमोर धरून मारलं. पडदा तुरटीच्या द्रावणात ठेवल्यावर खिडकीच्या गजांचा ठसा दिसला. बिचारा ससा!

खुनाच्या वेळी नजर अशी स्थिर कुठली? शिवाय पडदा तातडीने काढून प्रक्रिया न केल्यास ठसा टिकत नाही.

उजळ खिडकीकडे अर्धा मिनिट बघून डोळे मिटा. उरलेली आकृती लवकरच विरते.